होल ते होल एकोणतीसशे

कारखान्यात तिला सगळे गुण्यामावशी म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. ते सुतार वापरतो, गवंडी वापरतो, आणि लोखंडाच्या कारखान्यात मार्किंगवाले वापरतात. हे नाव तिला कुणी कौतुकाने दिलं नव्हतं. एकदा ती ऑफिसात हजेरीचं कार्ड घ्यायला गेली, भिंतीवरच्या सूचनांच्या पाटीकडे बघितलं आणि क्लार्कला म्हणाली, "ही डावीकडे उतरलीय." क्लार्क म्हणाला, "बरं." ती कार्ड न घेता तशीच उभी राहिली. मागे रांग वाढत गेली. शेवटी क्लार्क उठला, त्याने पाटी सरळ केली, तेव्हा कुठे तिने कार्ड घेतलं. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या कारखान्यात गुण्या झाली. पुढे वयाचा मान म्हणून मावशी जोडलं गेलं.

ती आली तेव्हा तिला झाडू दिला होता. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करायचा आणि ड्रममध्ये भरायचा, एवढंच काम. कीस हाताला कापतो. पहिल्या महिन्यात तिच्या दहाही बोटांना चिंध्या होत्या. तिने तक्रार केली नाही. तिने कीस उचलायची पद्धत बदलली. पत्र्याचं एक सूप वाकवून घेतलं आणि दोन तासांचं काम सव्वा तासात करायला लागली. उरलेल्या वेळात कुठेतरी टेकून बसायचं सोडून ती मार्किंगच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहायची.

ते टेबल दादांचं. दादा म्हणजे जुने मार्कर, सगळ्यांचेच दादा. ड्रॉइंग आलं की लोखंडाच्या प्लेटवर कुठे कापायचं, कुठे होल पाडायचं, हे आखून द्यायचं त्यांच्याकडे. प्लेटला आधी चुन्याचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की टोकदार सळईने रेघा ओढायच्या आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे पंच ठेवून हातोडीचा एक ठोका. पुढचे सगळे त्या ठोक्यावर विश्वास ठेवतात. ड्रिलवाला ठेवतो, करवतवाला ठेवतो, वेल्डर ठेवतो. ठोका चुकला तर सगळ्यांची मेहनत भंगारात.

"बघत काय उभी राहतेस," दादा एक दिवस म्हणाले. "चुना लाव."

तिने चुना लावला. इतका एकसारखा, की दादांनी प्लेट उजेडात तिरपी करून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आपली हेल्पर म्हणून मागून घेतलं.

वर्षभर तिने फक्त चुना लावला आणि कडा पुसल्या. मग एक दिवस दादांनी एक तुकडा पुढ्यात सरकवला. "डावी कड आणि खालची कड, या दोन तुझ्या. सगळं यांच्यापासून मोजायचं, मिलिमीटरमध्ये. पहिलं होल डावीकडून दोनशे, खालून शंभर. दुसरं डावीकडून पाचशे, खालून पाचशे. मार."

तिने दोन्ही पंच मारले. दादांनी तपासले. "ठीक. आता सांग, एकापासून दुसरं किती लांब?"

"सातशे."

"कसं काय?"

"तीनशे आडवं, चारशे उभं."

"तू काय रेघेरेघेने चालत जाणार आहेस? सरळ जा की."

तिने टेप लावला. पाचशे. परत लावला. पाचशे. तिसऱ्यांदा टेपची दुसरी बाजू करून लावला.

"टेप खोटा आहे," ती म्हणाली.

"टेप कंपनीचा आहे," दादा म्हणाले. "सातशे तुझे आहेत."

तीनशे आणि चारशे मिळून पाचशे कसे होतात, हे तिने त्यांना विचारलं. दादा खरं बोलणारा माणूस. "ते मला माहीत नाही. मी टेप लावतो." आणि जिथे मध्ये काही आड येतं, टेप पोचत नाही, तिथे दादा काय करत? जमिनीवर खडूने तेवढंच्या तेवढं चित्र काढत आणि त्यावर टेप लावत. त्यात अर्धा दिवस जाई. उत्तर मात्र बरोबर येई.

तीनशे-चारशे-पाचशे तिच्या डोक्यात अडकून बसलं. लोखंडाचा कण डोळ्यात जावा तसं.

ते निघालं घरीच. घर दीड खोलीचं. नवरा शिंपी, त्याचं मशीन खिडकीपाशी. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला मुलगी अभ्यासाला बसायची. ती तेव्हा नववीत होती. त्या दिवशी तिच्यापुढे चौकटीचा आलेख कागद होता आणि त्यावर दोन टिंबं होती. ती मोठ्याने पाठ करत होती, "एक्स दोन वजा एक्स एक, कंसाचा वर्ग, अधिक वाय दोन वजा वाय एक, कंसाचा वर्ग, आणि सगळ्याचं वर्गमूळ."

आई भाजी चिरता चिरता थांबली. "ही टिंबं कुठे आहेत?"

"पहिलं दोन, तीन. दुसरं सात, पंधरा."

"दोन डावीकडून आणि तीन खालून?"

"आई, एक्स दोन आणि वाय तीन."

"तेच ते." ती हात पुसून खुर्ची ओढून बसली. "आणि काय काढायचंय? यांच्यामधलं सरळ अंतर?"

"हो. उद्या परीक्षा आहे. तू मध्ये बोलू नकोस."

"वजा कशाला करायचं?"

"सूत्रच तसं आहे."

"हे काय उत्तर झालं? दादांना असं सांगितलं असतं तर त्यांनी हातोडी फेकून मारली असती."

मुलीने सुस्कारा सोडला आणि करून दाखवलं. सातातून दोन गेले, पाच. पंधरातून तीन गेले, बारा. पाचाचा वर्ग पंचवीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे एकोणसत्तर, वर्गमूळ तेरा. आईने मोजपट्टी मागितली. कागदावर एक सेंटिमीटरच्या चौकटी होत्या. तिने टिंबाला टिंब जोडून पट्टी लावली. तेरा सेंटिमीटर.

मग तिने स्वतःचं काढलं. तीनशेचा वर्ग, चारशेचा वर्ग. शून्यं मोजताना ती दोनदा चुकली. शेवटी पाचशे आले तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. भाजी चिरायची राहिलीच.

"आता सगळ्यांत दहा वाढव," ती म्हणाली.

"कशात?"

"चारही आकड्यांत. समज, मी कडेपासून मोजलं नाही, आणखी दहा मागून मोजलं. मग?"

मुलीने कंटाळत लिहिलं. बारा, तेरा. सतरा, पंचवीस. वजाबाकी केली. परत पाच. परत बारा. ती थांबली. "तेवढंच आलं की."

"येणारच. दोन्ही टिंबं एकदमच सरकली."

खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याचा आवाज आला. "कापड टेबलावर हातभर पुढे ओढलं म्हणून बाही लांब होत नसते. हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"तुम्ही काजं करा," ती म्हणाली.

"आणि उलटं वजा केलं तर?" आता मुलगीच विचारायला लागली आणि स्वतःच उत्तर द्यायला लागली. "दोनातून सात गेले तर उणे पाच. पण वर्ग केला की परत पंचवीसच. म्हणजे इकडून तिकडे गेलं काय आणि तिकडून इकडे आलं काय, सारखंच." तिने सूत्राकडे असं बघितलं जसं काही ते वर्षभर शेजारी राहत होतं आणि आज पहिल्यांदा बोललं. दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्या दिवसापासून मावशीने वही सुरू केली. टेबलावरून जी प्लेट जाईल तिच्यातल्या कोणत्याही दोन होलांमधलं तिरपं अंतर ती आधी वहीत काढायची आणि मग टेप लावायची. वर्गमूळ तिने कधी शाळेच्या पद्धतीने काढलं नाही. अंदाज धरायचा, गुणून बघायचं, जास्त भरलं तर खाली यायचं. सुरुवातीला एका अंतराला पाऊण तास जाई. पुढे पाच मिनिटं. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ती प्लेट सोडत नसे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. अकरा वर्षांत अठ्ठावीस वह्या भरल्या.

या अकरा वर्षांत दादांच्या टेबलावरचं निम्म्याहून जास्त मार्किंग तिने केलं. पण कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक मार्करचा आपला शिक्का असतो. बोटभर लांबीचा पोलादी पंच, टोकाला कोरलेला आकडा. काम पूर्ण झालं की मार्कर त्यावर आपला शिक्का ठोकतो. पुढे वीस वर्षांनी कुठे काही बिघडलं किंवा कुणाला तसंच दुसरं हवं असलं, तर शिक्का बघून कळतं की हे कुणाच्या हातचं. दादांचा शिक्का चार नंबरचा. तिने केलेल्या प्रत्येक कामावर दादाच चार ठोकत, कारण हेल्परला शिक्का नसतो.

मार्कर निवृत्त झाला की त्याचा शिक्का ग्राइंडरवर घासून सपाट करतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नये. दादांचा शिक्का घासला त्या दिवशी ती शेजारीच होती. ठिणग्या उडाल्या आणि चार गेला.

दादा म्हणाले, "यातली निम्मी कामं तुझी होती."

"निम्मी?"

दादांनी जरा विचार केला. "बरं. निम्म्याहून जास्त."

"आकडा सांगू?"

"नको. तू वहीच काढशील."

दादांच्या जागी नवा मार्कर आला. त्याच्याकडे मार्किंगचं सर्टिफिकेट होतं, म्हणून शॉपमध्ये त्याचं नाव सर्टिफिकेट पडलं. वाईट माणूस नव्हता. स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेनं, छोटासा कॅल्क्युलेटर, आणि सगळ्यांशी बोलताना अहो-जाहो. त्याला आल्या आल्या आठ नंबरचा शिक्का मिळाला. मावशीने सुपरवायझरसाहेबांना विचारलं, "मला?" साहेब म्हणाले, "मावशी, नियम आहे. सर्टिफिकेट लागतं." ती म्हणाली, "ठीक आहे," आणि चुना लावायला गेली. पण त्या दिवशी घरी गेल्यावर तिने वही उघडली नाही, आणि मुलीला फोन केला तोही दोन शब्दांचा. मुलगी तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी होती.

तिसऱ्या आठवड्यात एक चौकट आली. उंच, दोन खांबांची, मध्ये गिअरबॉक्स बसवायची. चौकट डुलू नये म्हणून एका खांबाच्या खालच्या बाजूपासून दुसऱ्याच्या वरच्या बाजूपर्यंत जाड चॅनलचा, म्हणजे पन्हळीसारख्या लोखंडी पट्टीचा, एक तिरपा आधार बसवायचा होता. चॅनलच्या दोन्ही टोकांना एकेक होल, आणि चौकटीवर आधीच वेल्ड केलेल्या दोन कानांना, म्हणजे होल असलेल्या छोट्या पट्ट्यांना, बोल्ट. गिअरबॉक्स तात्पुरता लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला होता आणि त्याचं पोट बरोबर दोन कानांच्या मधोमध बाहेर आलेलं होतं. चारला क्रेन येणार, गिअरबॉक्स आत सरकवणार, लगेच आधार बसवायचा, आणि पाचला सगळं ट्रकवर. चॅनल त्या मापाचं एकच होतं, तीन मीटर आणि वर जेमतेम करवतीच्या पात्याला जागा. दुसरं मागवायचं तर दहा दिवस.

कानाला कान टेप लावता येत नव्हता, मध्ये ते पोट. सर्टिफिकेटने चारही मापं घेतली, डाव्या खांबापासून आडवं आणि खालच्या बैठकीपासून उभं, कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि चॅनलवर खडूने लिहिलं: होल ते होल २८३२. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास धरून करवतीची रेघ मारली २९३२ वर.

मावशी दहा मिनिटांत जेवली. सुट्टीची वीस मिनिटं उरली होती. ती वेल्डरकडे गेली. त्याला सगळे ठिणगी म्हणत, आणि तो डबा उघडून बसला होता.

"चल, टेप धर."

"मावशी, सर्टिफिकेटने मोजलंय की."

"त्याने त्याच्यासाठी मोजलंय."

"मग आपण?"

"आपण आपल्यासाठी."

"आणि माझी भाजी कुणासाठी? मांजरासाठी?"

"झाकण लाव. शंभरवर धर."

टेपच्या टोकाला जो हुक असतो तो वापरून वापरून सैल होतो आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर खातो. म्हणून जुने लोक हुकाच्या नादी लागत नाहीत. टेपवरची शंभरची रेघ कडेवर धरतात, तिथून मोजतात आणि आलेल्या आकड्यातून शंभर वजा करतात. शॉपमध्ये याला शंभर कापणं म्हणतात. नवा माणूसही हे दुसऱ्या दिवशी शिकतो. मावशीने मात्र आकडे टेपवर दिसले तसेच लिहिले. खालचा कान: आडवं ४८०, उभं ५५०. वरचा कान: आडवं २५८०, उभं २५५०. ठिणगी शिडीवरून ओरडून आकडा सांगत होता आणि ती प्रत्येक वेळी म्हणत होती, "परत सांग." तीन वेळा सारखा आला की लिहायची.

मग उलट्या ड्रमवर बसून हिशेब. आडवा फरक एकवीसशे. उभा फरक दोन हजार. शंभरांत धरलं तर एकवीस आणि वीस. एकवीसचा वर्ग चारशे एकेचाळीस, वीसचा चारशे. आठशे एकेचाळीस. तीस धरून बघितले, नऊशे झाले, जास्त. एकोणतीस गुणिले एकोणतीस, आठशे एकेचाळीस. बरोब्बर. एकोणतीसशे.

ती उठली आणि चॅनलकडे गेली. चॅनल तोवर करवतीच्या टेबलावर बांधलेलं होतं, पात्यावर पाणी सोडलेलं, आणि करवतवाल्याचा हात दांड्यावर.

"करवत उतरवू नका."

"मावशी, चारला क्रेन यायचीय."

"करवत उतरली तर क्रेन येऊन काय उचलणार? चॅनल अडुसष्टने तोकडं जातंय."

करवतवाल्याने दांडा सोडला, पण पाणी चालू ठेवलं. सर्टिफिकेट आला. त्याच्यामागून साहेब आले, घड्याळ बघत. साहेब बुटके होते आणि घाईत असले की टाचा उचलून चालायचे.

"काय झालं?"

"मावशी म्हणतात माप चुकलंय," करवतवाला म्हणाला.

"मावशी, तुमचं काम काय?"

"हेल्पर."

"मार्किंग कुणी केलंय?"

"यांनी."

"मग?"

"मी पण मोजलं. एकोणतीसशे येतंय."

साहेब चॅनलकडे वळले. "हे बघा, चॅनल एकच आहे. तुमचं ऐकलं आणि तुम्ही चुकलात तर बोल्ट बसणार नाही, क्रेन रिकामी परत जाईल, आणि वर बोलणी मी खाईन. चुकलात तर उद्यापासून पॅकिंगला. मार्किंगच्या टेबलाला परत हात लावायचा नाही. मान्य?"

पॅकिंग म्हणजे दिवसभर लाकडी खोक्यांना खिळे. पंधरा वर्षांत ज्या टेबलाजवळ ती पोचली होती, ते लांबून बघायचं.

"मान्य," ती म्हणाली. "आणि बरोबर असले तर?"

साहेबांनी हा विचार केलेला नव्हता. "तर काय पाहिजे?"

"शिक्का."

शिडीखाली ठिणगी खोकला. साहेबांनी सर्टिफिकेटकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "बघू आधी. दाखवा वही."

सर्टिफिकेटने वही घेतली, चार आकडे वाचले आणि जरासा हसला. कुत्सित नव्हे, सुटल्यासारखा. "साहेब, यांनी शंभर कापलेच नाहीत. चारही आकडे शंभराने जास्त आहेत. खालचा कान चारशे ऐंशी कसा? तीनशे ऐंशी आहे."

साहेबांचा चेहरा बदलला. करवतवाल्याचा हात परत दांड्याकडे गेला.

मावशी शांत होती. "हो. कुठेच कापले नाहीत. आता तुमचा कागद काढा, आणि माझ्या वहीशेजारी ठेवा."

त्याने खिशातून कागद काढला. तिने वही आणि कागद चॅनलवर शेजारी शेजारी मांडले आणि पेन्सिलीचं टोक आकड्यांवर ठेवत गेली. "माझे चारशे ऐंशी, तुमचे तीनशे ऐंशी. शंभराचा फरक. माझे पंचवीसशे ऐंशी, तुमचे चोवीसशे ऐंशी. शंभराचा फरक. माझे पंचवीसशे पन्नास, तुमचे चोवीसशे पन्नास. शंभर. आता हे. खालच्या कानाची उंची. माझे साडेपाचशे. तुमचे?"

सर्टिफिकेट कागदावर वाकला.

"तुमचेही साडेपाचशेच," ती म्हणाली. "तिघांचे शंभर कापले, चौथ्याचे राहिले."

त्याने कागद उचलला, परत ठेवला. मग कुणाला काही न सांगता टेप घेऊन चौकटीकडे गेला, खालच्या कानापाशी गुडघ्यांवर बसला, स्वच्छ पँटचा विचार न करता. शंभरची रेघ बैठकीवर धरली. वाचलं. परत वाचलं. तिथूनच म्हणाला, "साडेपाचशे दिसतायत. म्हणजे खरे साडेचारशे. हे मोजताना मला ऑफिसातून हाक आली होती." उठला. "हाक आली म्हणून काय झालं. चूक माझीच आहे."

त्याने कॅल्क्युलेटरवर परत हिशेब केला आणि पडदा साहेबांपुढे धरला. २९००.

साहेब अजून वहीतच बघत होते. "पण यांनी तर एकदाही शंभर कापले नाहीत. मग यांचं बरोबर कसं?"

"साहेब," मावशी म्हणाली, "तुम्ही आणि हे शेजारी शेजारी उभे आहात. दोघांच्या पायाखाली एकेक सारखंच स्टूल दिलं, तर तुमच्या दोघांच्या उंचीतला फरक बदलेल का?"

"नाही."

"मला फरकच पाहिजे होता. दोघं सारख्याच स्टुलावर आहेत तोवर मी स्टूल कशाला मोजू? यांनी तिघांची स्टुलं काढली आणि एकाचं ठेवलं."

"स्टूल साहेबांकडे राहू द्या," ठिणगी मागून म्हणाला. "त्यांना लागेल."

करवतवाला तोंड फिरवून पाण्याचा नळ बघायला लागला. साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. सर्टिफिकेटने खिशातून फडकं काढलं, चॅनलवरचा आपला २८३२ स्वतः पुसला आणि खडू मावशीपुढे धरला. "तुम्ही लिहा."

तिने लिहिलं. रेघ मारली. दोन पंच मारले, एकेक ठोका. करवतवाल्याने कापलं, ड्रिलवाल्याने होलं पाडली.

चारला क्रेन आली. गिअरबॉक्स उचलला, आत सरकला, ओंडके बाहेर काढले. मग चॅनल वर घेतलं. खालचा बोल्ट बसला. वरच्या कानापाशी ठिणगी शिडीवर होता. बाकीचे खाली माना वर करून उभे होते. अशा वेळी बोल्ट जायला हातोडी लागते. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे असतं, ठोकून बसवतात, आणि कुणी नावं ठेवत नाही. ठिणगीने हातोडी कमरेला अडकवलेलीच होती. त्याने बोल्ट होलावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. बोल्ट आत गेला. दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

"हाताने गेला," तो वरून म्हणाला.

ज्यांनी आयुष्यभर लोखंड जोडलंय त्यांना यापुढे काही सांगावं लागत नाही. क्रेनवाला बाहेरचा माणूस, पण त्यानेही आपली मान खिडकीबाहेर काढून बघितलं.

साहेब स्टोअरमध्ये गेले. नियम, फॉर्म, वरची सही, सगळं उद्या बघू असं काहीतरी स्टोअरवाल्याशी बोलताना ऐकू आलं, आणि स्टोअरवाल्याचा आवाज, "मग आज देऊ की नको?" आणि साहेबांचा, "दे." ते परत आले तेव्हा हातात तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेला पंच होता. नऊ नंबरचा. कधीच न वापरलेला, कडा अजून धारदार.

"चॅनलवर ठोका," ते म्हणाले. "ट्रक थांबलाय."

शिक्का मारायला एकच ठोका असतो. दोनदा मारला तर आकडा दुहेरी उठतो आणि जन्मभर तसाच दिसतो. तिने जागा फडक्याने पुसली. पंच उभा धरला, डाव्या हाताच्या करंगळीचा चॅनलला टेकू दिला. हातोडी किती उचलायची हे तिने मनात ठरवलं, आणि तेवढीच उचलली. एक ठोका.

सर्टिफिकेटने वाकून बघितलं, त्यावरून अंगठा फिरवला. "स्वच्छ उठलाय, मावशी."

"उठणारच," ती म्हणाली. "पोलादापुढे लोखंड नरमच असतं."

रंगवाला ब्रश घेऊन आला आणि चॅनलवर हात फिरवत तिथपर्यंत पोचला. तिने ब्रश अडवला. "शिक्क्यावर रंग लावायचा नाही. रंगाने आकडा बुजतो. तेवढी जागा सोड." तिने डब्यातून बोटभर ग्रीस घेतलं आणि नऊवर स्वतः लावलं, म्हणजे गंज चढणार नाही. रंगवाल्याने जागा सोडली, पण तिच्या कडा वाकड्या ठेवल्या. तिने फडक्याने पुसून ती त्याच्याकडून परत, नीट चौकोनी करून घेतली. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. ती म्हणाली, "थांब," आणि तो थांबला.